कंद

डॉक्टरीण म्हणाली, सकाळी घ्यायची, काहीतरी खाऊन.
रिकाम्या पोटी नाही हं, डोन्या एउफ्रासिया.
मला हसू आलं.
रिकाम्या पोटीच तर खणलं होतं मी हिला.

हिला म्हणजे या गोळीला.
पांढरी, मधोमध रेघ, सदऱ्याच्या बटणाहून लहान.
तुश्तेपेकच्या दवाखान्यातल्या त्या पोरीला काय ठाऊक?
तिची आईसुद्धा जन्मायची होती
तेव्हा आम्ही डोंगरात बार्बास्को खणायचो.

वेल साधीच, पान बदामाच्या आकाराचं,
आणि खाली मातीत
गाढवाच्या डोक्याएवढा काळा कंद.
बाबा पहार मारायचे, मी हातांनी माती उपसायची.
चीर पडली की पांढरा चीक. कोपरापर्यंत खाज.
आजा सांगायचा, ओढ्यात ठेचून टाकला
की मासे झिंगून वर येतात, पोटं आभाळाकडे करून.
आम्हाला मासे नको होते,
किलोमागचे चार सेंतावो हवे होते.

वजनकाट्यावरचा एलिहिओ म्हणायचा, साबण करतात याचा.
कुणी म्हणे, कोंबड्यांचं खाद्य.
कुणी म्हणे, पोरं होऊ नयेत म्हणून औषध,
तेव्हा बाया शालीत तोंड लपवून हसायच्या,
पाठीवर एक, पोटात एक.

मग साठीत बोटं आखडली.
सकाळी तवा उचलवेना, वेणी नातीनं घालायची.
गोळी सुरू झाली
आणि चौथ्या दिवशी मी चोवीस भाकऱ्या थापल्या मक्याच्या.
रात्री दोनला भिंतीला चुना लावत होते.
झोप नाही, दुखणं नाही.
सतरा वर्षांची, देवाशपथ.

भूकही सतराचीच.
तेव्हा भूक होती, भाकरी नव्हती.
आता भाकरी आहे, तर डॉक्टरीण म्हणते, दोनच.
रक्तात साखर झालीय.
जन्मभर कुणी गोड बोललं नाही, आणि ही साखर.

एलादिओवर तवा फेकला एकदा. पोटचा पोर.
कागदावर छापलंय, राग गोळीचा असतो.
सुनेला म्हटलं, थोडा माझाही होता.

मांजर मांडीवरून उतरलं तरी निळा डाग उठतो,
कातडी कांद्याचा पापुद्रा.
आणि तोंड सुजलं, टम्म.
चंद्रासारखा चेहरा म्हणतात याला, पुस्तकात तसंच आहे,
डॉक्टरीण समजूत घालत होती.
घरी येऊन आरशात पाहिलं.
चंद्र कसला?
कंद.

वैतागून सोडली एकदा, कुणाला न सांगता.
तिसऱ्या दिवशी अंथरुणातून मान उचलेना.
डॉक्टरीण ओरडलीच.
मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात म्हणे,
हे औषध थोडंथोडं त्याच घरी करतात.
बाहेरून आयतं यायला लागलं की झोपतात,
करायचं विसरतात.
एकदम हलवून नाही उठवायच्या. अर्धी गोळी, मग पाव.

हे मात्र मला लगेच कळलं.
कंदाचा पैसा आला तेव्हा
आम्हीही मका पेरायचं सोडलं होतं.
मग एका वर्षी ट्रक आलेच नाहीत.
पहार हातात घेऊन आम्ही रस्त्याकडे बघत बसलो,
आणि बियाणं कुणाच्याच घरात नव्हतं.

नातू म्हणतो, आजी, आता ही सोयाबीनपासून करतात,
तुझ्या कंदाची नाही ही.
असेल.
घराणं तर तेच ना?

आज पाव गोळीचा दिवस.
पाटावर ठेवून सुरीनं कापते, हात थरथरतो,
एक तुकडा चुलीमागे उडतो.
बाबा म्हणायचे, सगळा उपटू नकोस,
एक डोळा मातीत ठेव,
तीन वर्षांनी पुन्हा येऊ.
आम्ही कधी ठेवला, कधी नाही.

सुरीला लागलेली पूड बोटावर घेऊन चाटते.
कडू.
फक्त हात खाजत नाहीत.